‘घ’ येतो, ‘घड’ येत नाही: लहान मुलांचा शब्दसाठा लिहिण्याच्या खेळांतून वाढवताना कुठल्या क्रमानं जायचं

तासगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर साडेचार वर्षांच्या मुलाची वही माझ्या हातात आली. सलग तीन पानं ‘घ’. वळणदार, रेघेत बसवलेला. घराच्या तिन्ही बाजूंना द्राक्षबाग होती. मी त्याला मांडवाखाली नेलं आणि लोंबणाऱ्या घडाला हात लावून विचारलं, “हे काय?” “द्राक्षं.” एक मणी दाखवला. “आणि हे?” “द्राक्षं.” काडी दाखवली, तर तो गप्प. ‘घ’ त्याच्या हाताला आला होता, पण ‘घड’ तोंडात नव्हता.

हे मला दर जूनमध्ये दिसतं. आधी अक्षरं, मग बाराखडी, मग शब्द, आणि अर्थ राहिला तर राहिला, असा क्रम घरोघरी पाठ झाला आहे. त्यात मूल दमतं आणि पालकांना वाटतं की त्याला लिहायची आवड नाही. क्रम बदला. शब्द आधी हातात, मग तोंडात, मग चित्रात, मग तुमच्या हातून कागदावर, आणि सगळ्यात शेवटी मुलाच्या हातून कागदावर.

हा लेख तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांचा काळ एकच पायाभूत टप्पा मानला आहे. म्हणजे पहिलीच्या आधी बाराखडी संपवायची घाई कुणीही तुमच्यावर लादलेली नाही.

## तयारी: सामान, हात आणि सहा शब्द

सामान घरातलंच पुरतं. पाटी आणि ओला फडका, जाड मेणखडू, कॅलेंडरची कोरी पाठ, लग्नपत्रिकांच्या आतल्या कोऱ्या बाजू, बेदाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा, दोरी आणि कपड्यांचे चिमटे. दुरेघी वही आत्ता आणूच नका. ती घरात आली की आजी, काका, शेजारीण, सगळेच ‘चल, एक पान काढ’ म्हणायला लागतात.

खडूचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. लांब खडू मूल मुठीत धरतं. तुकडा मुठीत धरून चालत नाही, त्यामुळे अंगठा आणि दोन बोटं आपोआप पुढे येतात. बोटांना जोर येण्यासाठी वेगळा व्यायाम लागत नाही. कणकेचा गोळा मळणं, मेथी निवडणं, शेंगा फोडणं, रांगोळी चिमटीतून सोडणं, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणं, हे रोज दहा मिनिटं होऊ द्या.

सावधान. शेंगदाणे, हरभरे, सुटे मणी लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. हातात दिले तर समोरून उठू नका. मूल पाटीवरची पेन्सिल किंवा खडू सतत खात असेल तर रागावून काही होणार नाही. शरीरात लोह कमी असल्याचं ते लक्षण असू शकतं. आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.

आता शब्द. इथे सगळ्यात जास्त चुकतं. पालक आठवड्याला वीस-पंचवीस शब्द ठरवतात आणि ते सगळे वस्तूंची नावं असतात: फळं, प्राणी, रंग. नावांच्या ढिगातून वाक्य होत नाही. आठवड्याला सहाच शब्द घ्या, पण वेगवेगळ्या जातीचे: दोन वस्तू, दोन क्रिया, एक ‘कसं’ सांगणारा आणि एक ‘कुठे’ सांगणारा. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत विरळणी सुरू होते त्या आठवड्यात मी हे घेतले होते: घड, मणी, विरळणं, तोडणं, गच्च, मध्ये. या सहांतून ‘गच्च घडाच्या मधले मणी तोडले’ एवढं मोठं वाक्य होतं, आणि घरातली बाई दिवसभर तेच काम करत असते.

शब्द तुमच्या दारातले हवेत. वाळवा-पलूसकडे ऊसतोड चालू असेल तर पाचट, कांडं, मोळी. मिरजेत सतारमेकर गल्लीजवळ राहत असाल तर तार, खुंटी, भोपळा. जतच्या पूर्व भागात पुष्कळ घरांत कन्नड बोलतात. तिथे मूल पाण्याला ‘नीरु’ म्हणत असेल तर तो शब्द पुसू नका. ‘नीरु, म्हणजे पाणी’ असे दोन्ही शब्द एका श्वासात म्हणा. मुलाला वस्तू आधीच कळलेली असते, त्यामुळे दुसरं नाव लवकर बसतं.

## टप्पा १: हातात घ्या, मग बोला

दोन दिवस कागद काढायचाच नाही. वस्तू हातात द्या आणि काम करता करता तुम्हीच बोला. “हा बघ घड. किती गच्च आहे, बोटसुद्धा मध्ये जात नाही. आता मी हे मणी तोडते. बघ, आता विरळ झाला.” बोललात की थांबा. मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. मुलाला शब्द शोधायला मोठ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि आपण दुसऱ्याच सेकंदाला उत्तर देऊन मोकळे होतो.

“हे काय? ते काय?” अशी सरबत्ती करू नका. सुरुवातीच्या प्रसंगात मी ते प्रश्न विचारले, कारण मला तपासायचं होतं. शिकवताना तेच केलं तर मूल परीक्षेला बसल्यासारखं आखडतं.

मूल अर्धवट बोललं तर त्याचंच वाक्य थोडं वाढवून परत द्या. ते म्हणालं, “पप्पा घड कापलं,” तर तुम्ही म्हणा, “हो, पप्पांनी पिकलेले घड कात्रीनं कापले.” ‘असं नाही म्हणायचं’ हे वाक्य पूर्ण बंद. दुरुस्ती तुमच्या उत्तरात आलेलीच आहे, कान ती उचलतो.

सावधान. फवारणी झालेल्या बागेत मुलांना नेऊ नका. तोडलेला मणी न धुता तोंडात जाणार नाही हे पाहा. औषधाचे रिकामे डबे खेळायला किंवा पाटी करायला अजिबात वापरू नका.

पुढे जाण्याआधी पाहा. सहांपैकी तीन तरी शब्द मूल न विचारता, आपणहून बोललं का? नसेल तर आणखी दोन दिवस इथेच थांबा. तीन वर्षांचं मूल दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर पुढचे टप्पे बाजूला ठेवा आणि आधी कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांची वाट पाहण्याइतका धीर नसेल तर थेट डॉक्टरांकडे जा.

## टप्पा २: चित्र आणि रेघोट्या

मोठा कागद भिंतीला, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. उभ्या कागदावर खांदा, मनगट आणि बोटं एकत्र काम करतात. सांगा, “आपण बागेत काय केलं ते काढ.” तुम्ही नमुना काढून दाखवू नका, कारण तसं केलं की मूल तुमचंच चित्र उतरवतं.

चित्रात नुसते गोल आणि रेघा असतील. ‘हे काय काढलंस?’ असं विचारण्याऐवजी ‘मला सांग’ म्हणा. चित्राशेजारी मूल वेडीवाकडी गिरवण करून ‘हे मी लिहिलंय’ म्हणालं, तर ते लिहिणंच आहे. कागदावरच्या खुणांना अर्थ असतो हे त्याला कळलं आहे. त्या गिरवणीवर बोट ठेवून त्याला वाचायला सांगा आणि मन लावून ऐका.

## टप्पा ३: मुलाचं बोलणं त्याच्यासमोर लिहा

सगळ्या क्रमातला हा माझ्या मते सर्वांत मोलाचा टप्पा, आणि सर्वांत जास्त वेळा गाळला जाणारा. मूल सांगतं, तुम्ही लिहिता. लिहिणारा हात तुमचा, शब्द त्याचे.

१. मुलाला उजव्या किंवा डाव्या हाताशी बसवा, समोर नाही. समोर बसलं तर त्याला अक्षरं उलटी दिसतात.

२. चित्राबद्दल एकच वाक्य सांगायला सांगा. लांबलचक गोष्ट सुरू झाली तर सगळी ऐका, मग विचारा, “यातलं कुठलं लिहू?” निवड त्याची.

३. एकेक शब्द मोठ्यानं म्हणत सावकाश लिहा. आधी शब्दातली अक्षरं, आणि शब्द पुरा झाला की वरून शिरोरेघ. ती रेघ शब्द संपला तिथे संपते. शब्द कुठे सुरू झाला आणि कुठे थांबला हे मुलाला डोळ्यांनी दिसण्याची याहून सोपी खूण आपल्या लिपीत नाही. दोन शब्दांत बोटभर जागा सोडा.

४. बोट फिरवत वाचा. मग मुलाचं बोट धरून वाचा. मग त्याला एकट्याला ‘वाचू’ द्या. ते पाठ म्हणेल, म्हणू द्या.

५. आठवड्याच्या सहा शब्दांपैकी एखादा त्या वाक्यात असेल तर विचारा, “यात ‘घड’ कुठे लपलाय?” सापडला की मेणखडूनं त्याला गोल करू द्या.

आता खरी अडचण. मूल म्हणतं, “आबा ट्रॅक्टरवनं आलं.” लिहायचं काय? मी जसं बोललं तसंच लिहिते. पूर्वी मी तिथल्या तिथे ‘ट्रॅक्टरवरून आले’ असं सुधारून लिहायची. मग मूल वाचायला बोट ठेवायचं, तोंडातून ‘वनं’ यायचं आणि कागदावर दुसरंच काही असायचं. तीन-चार वेळा असं झालं की ते सांगायचंच थांबतं. आपलं बोलणं कागदावर येतं यावर त्याचा विश्वास बसण्यासाठी आधी ते जसंच्या तसं यायला हवं. पुस्तकातली मराठी गोष्टी वाचून दाखवताना कानावर पडतेच. चौथी-पाचवीत दोन्ही बोलींतला फरक मूल स्वतः सांगतं.

उच्चार कच्चा असेल तर गोष्ट वेगळी. मूल रेडकाला ‘लेडकू’ म्हणालं तर ‘रेडकू’च लिहा. तो बोलीतला शब्द नाही, जीभ अजून वळत नाही एवढंच.

नेहमीच्या चुका. पाच-सहा वाक्यं लिहून घेणं (एक पुरे). मुलाचं वाक्य ‘छान’ करण्यासाठी त्यात आपले शब्द घालणं. लिहिलेला कागद कपाटात टाकणं. तो दोरीला चिमट्यानं लावा, मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा.

पुढे जाण्याआधी पाहा. ‘हे लिही’ असं मूल आपणहून म्हणायला लागलं का? सहसा दोन-तीन आठवड्यांत म्हणतं. तोवर अक्षरांना हात लावू नका.

## टप्पा ४: अक्षरं कुठून घ्यायची

मुलाच्या नावातून. स्वतःचं नाव हा मुलाचा सगळ्यात लाडका लिखित शब्द असतो. पुठ्ठ्यावर नाव लिहा, त्यावर बोट फिरवू द्या, मग रांगोळीत, मग ओल्या मातीत, मग पाटीवर. नावात जोडाक्षर असलं तरी मोडून सोपं करू नका. ते चित्रासारखं पूर्ण लक्षात राहतं.

त्यानंतर आठवड्याच्या शब्दांतली अक्षरं. घड, घर, नळ, फळ, वड, बस, गवत, वरण, खडक: काना-मात्रा नसलेले, रोजच्या बोलण्यातले शब्द भरपूर आहेत. सात-आठ अक्षरं ओळखीची झाली की लगेच काना घ्या. सगळी व्यंजनं संपण्याची वाट पाहिली तर महिनोन्महिने मुलाला ‘पान’, ‘भात’, ‘मामा’ लिहिता येत नाही.

घ आणि ध, भ आणि म एकाच आठवड्यात शिकवू नका. ‘ख’ लिहिताना दोन भाग लांब गेले तर ‘रव’ होतं, तेव्हा तुमच्या हातून तरी तो जोडून यावा. आणखी एक बारीक गोष्ट. मोबाइलवरच्या बऱ्याच फाँटमध्ये दांडीचा ‘ल’ दिसतो, शाळेच्या पुस्तकात दोन पाकळ्यांचा. मूल गोंधळलं तर दोष त्याचा नाही. घरी पाट्या हातानं लिहा, पुस्तकातल्या वळणानं.

## टप्पा ५: लिहिण्याला खरं काम द्या

किराणाची यादी करताना शेजारी मुलालाही कागद द्या. तुम्ही ‘साखर’ लिहाल, ते साखरेचा डबा काढेल किंवा ‘स’ काढून मोकळं होईल. दुकानात त्याच्या यादीवरूनही एक वस्तू मागा. आजीला चिठ्ठी, गोठ्यातल्या म्हशीच्या नावाची पाटी, हळदीच्या बरणीवर ‘हळद’, हे सगळं चालतं.

घरभर पाट्या चिकटवायची हौस मात्र आवरा. तीस पाट्या लावल्या की चार दिवसांत त्या भिंतीचा रंग होऊन जातात. पाचच लावा, दर सोमवारी मुलाकडून बदलून घ्या. आणि दारावर नुसतं ‘दार’ न लिहिता ‘दार लाव, मांजर येतं’ लिहा. त्यात क्रिया आली आणि कारणही.

## टप्पा ६: स्वतः लिहू द्या, चुकांसकट

साधारण पाच वर्षांच्या पुढे मूल ऐकू येतं तसं लिहायला लागतं. इथे मोठ्यांचा धीर सुटतो आणि लाल पेन बाहेर येतं. त्याआधी चूक काय सांगते आहे ते वाचा.

‘पट’ लिहून ‘पाटी’ वाचलं: अक्षरं पकडली, स्वरचिन्हं अजून नाहीत. हा पहिला टप्पा सगळ्यांचा असतो. ‘पन’ असेल तर पान की पाणी, हे विचारून घ्या.

‘आबा पिकला’: अनुस्वार सुटला. शेजारी ‘आंबा’ लिहा आणि दोन्ही वाचून दाखवा. नाकातून येणारा आवाज मुलाला स्वतःच्या नाकावर बोट ठेवून जाणवतो.

वेलांटी चुकीच्या बाजूला: ‘चिमणी’मधली ‘इ’ कानाला ‘च’नंतर ऐकू येते, पण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढावी लागते. हा लिपीचा पेच आहे. दाखवत राहा, रागावू नका.

‘दराक्श’: जोडाक्षर सुटं करून लिहिलं. पाच वर्षांच्या मुलानं एवढे सगळे ध्वनी ऐकले, याचं कौतुक करा.

ऱ्हस्व-दीर्घ सात-आठ वर्षांपर्यंत बाजूलाच ठेवा.

करायचं असं. आधी मुलाला वाचू द्या. मग मजकुराबद्दल बोला: “अगं, म्हैस पाण्यात बसली? मग बाहेर कशी आली?” त्यानंतर त्याच कागदाखाली तुमच्या अक्षरात तेच वाक्य लिहा आणि दोघांनी मिळून सारखी अक्षरं शोधा. सुधारणा एका वेळी एकच. ‘अजून एकदा नीट लिही’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी मूल फक्त खात्रीचे शब्द लिहितं: घर, बस, नळ. ‘द्राक्ष’ लिहायचं धाडस गेलं की त्या शब्दासोबत इतर दहा शब्द जातात. शब्दसाठा कमी होण्याचं हे कारण कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण वही स्वच्छ दिसत असते.

पाहा. गेल्या महिन्याच्या आणि आजच्या कागदात नवीन शब्द किती आले ते मोजा. शुद्ध किती, ते मोजू नका.

## टप्पा ७: शब्द पुन्हा पुन्हा, वेगळ्या जागी

सोमवारी आलेला शब्द मंगळवारी, मग शुक्रवारी, मग पुढच्या आठवड्यात वापरला नाही तर तो जातो. परत आणताना जागा बदला. ‘गच्च’ बागेत शिकला असेल तर एसटीत बसल्यावर म्हणा, “गाडी कशी आहे आज?” ‘विरळ’ हा शब्द पावसानंतरच्या ढगांना लावा.

मराठीत समूहाचे शब्द फार सुंदर आहेत आणि ते आता मुलांच्या तोंडून जात आहेत. सगळ्यालाच ‘भरपूर’ किंवा ‘गठ्ठा’ म्हणतात. पाच वर्षांच्या मुलांसाठी हा खेळ करून पाहा. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर एकीकडे चित्रं, दुसरीकडे शब्द: द्राक्षांचा घड, केळ्यांचा लोंगर, उसाची मोळी, कडब्याची पेंढी, कोथिंबिरीची जुडी, लसणाचा गड्डा, किल्ल्यांचा जुडगा. जुळवून झालं की एकाबद्दल वाक्य सांगायचं, आणि जमलं तर लिहायचं. एका मुलीनं ‘आईच्या केसांची जुडी’ लिहिलं होतं. मी ते तसंच ठेवलं, कारण शब्द नव्या ठिकाणी लावून पाहिल्याशिवाय तो आपला होत नाही. मग तिच्या आईनं वेणी घालताना ‘पेड’ आणि ‘बट’ हे दोन शब्द तिला दिले.

## अंगणवाडीत वीस-पंचवीस मुलं असतील तर

तिसरा टप्पा सगळ्यांसोबत रोज करायला गेलात तर दोन दिवसांत सोडून द्याल. रोज चारच मुलं घ्या, प्रत्येकाला पाच मिनिटं. बाकीची तेवढ्या वेळात कणीक, रांगोळी, भिंतीवरचा कागद यात रमतील. मोठ्या मुलांपैकी एकाला दोरीवरचे कालचे कागद लहानांना ‘वाचून’ दाखवायला बसवा, दोघांचंही काम होतं. ऊसतोडीच्या टोळीतली मुलं काही महिन्यांसाठीच येतात. त्यांना या चौघांत आधी घ्या आणि जाताना त्यांचे कागद दोरीत ओवून सोबत द्या. गावी दुसऱ्या ताईंना त्यावरून कळेल कुठून सुरू करायचं. ज्यांची पाळी आज राहिली त्यांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, मुलांसमोर, मोठ्यानं म्हणत. उद्याची सुरुवात त्यांच्यापासून.